ना स्क्रू, ना रबर. मग गाडीची काच निघते कशी?

प्रश्न : फेरारीची पुढची काच काढतानाचा एक व्हिडिओ पाहिला. एक माणूस गाडीत बसलेला, दुसरा बाहेर उभा आणि दोघे मिळून एक बारीक तार पुढेमागे ओढत होते. काचेला कुठे स्क्रू दिसत नाही, रबर दिसत नाही. मग ती टिकते कशावर आणि तारेने निघते कशी? चिकटवलेलीच असेल, तर गरम करून तो डिंक वितळवत का नाहीत?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी शेवटचा प्रश्न घेऊ, कारण हौशी माणसाच्या हातून काच फुटते ती बहुधा याच समजापायी.

काच चिकटवलेलीच असते, हा तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे. पण तो डिंक पॉलियुरेथेनचा असतो; गॅरेजमध्ये त्याला ‘पीयू’ म्हणतात. नळीतून तो दाट लगद्यासारखा बाहेर येतो, हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो आणि एकदा घट्ट झाला की पुन्हा पातळ होत नाही. तापवला तर जरा मऊ पडतो, आणखी तापवला तर करपतो. वितळत मात्र नाही. तोवर काच एका जागी तापलेली आणि वीतभर अंतरावर गार, अशी झालेली असते. या ओढाताणीत ती तडकते. थिनर ओतून पाहणारेही असतात. त्याने घट्ट झालेला पीयू विरघळत नाही. थिनर काचेच्या कडेतून आत शिरला, तर तिथे पांढुरके डाग पडायची भीती मात्र असते.

आत शिरतो म्हणजे कुठे? पुढची काच एक दिसली, तरी ती दोन पातळ काचांची असते आणि मध्ये ०.७६ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक प्लास्टिकचा पडदा असतो. ही कल्पना एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाची. १९०३ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू पडला. तो फुटला, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आतून सेल्युलोज नायट्रेटचा थर सुकून बसला होता. त्यावरून त्याने १९०९ मध्ये पेटंट घेतले. या रचनेमुळे अपघातात काचेचे तुकडे पडद्याला धरून राहतात. मात्र अशा काचेची कड नाजूक असते. पृष्ठभागावर दाब सहन करणारी काच कडेला पात्याचा एक टोचा बसला, की तिथून आडवी तडकत जाते. म्हणून काच काढताना कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचे नाही आणि आतून पायाने ढकलायचे तर मुळीच नाही.

तुमचा रबराचा प्रश्न जुन्या गाड्यांमुळे आला असावा. मुंबईच्या टॅक्सीमुळे सगळ्यांना ठाऊक असलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. तिची काच रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेली असे. बीडिंग कापले की काच हातात. जुन्या जॅग्वार ई-टाइपसारख्या स्पोर्ट्‌स कारमध्येही रबरच होते. तिथे एकच पथ्य : नवे बीडिंग हातात आल्याशिवाय जुन्याला ब्लेड लावू नये. पुढे काच चौकटीला चिकटवू लागले, तेव्हा ती निव्वळ वारा अडवणारी राहिली नाही. छताला आणि सांगाड्याला ताठपणा देण्यात तिचा वाटा असतो. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग फुगताना पुष्कळदा काचेवरच टेकते. तेव्हा पीयू इतका चिवट असणे भागच आहे.

जे वितळत नाही ते कापायचे. कारखान्यात साबणाची लादी तारेने कापतात, तसाच हा प्रकार. आधी वायपर, काचेच्या तळाची जाळी, खांबांवरची आतली आवरणे, आरसा आणि सेन्सरची वायर काढून घ्यायची. फेरारीसारख्या गाड्यांच्या क्लिपा हळुवार काढाव्यात. एक तुटली, तर ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. कडेच्या रंगावर टेप लावायची आणि डॅशबोर्डवर जाड प्लास्टिकचा पत्रा ठेवायचा, नाहीतर पीयू कापणारी तार चामडेही तितक्याच आनंदाने कापते. मग दाभणाने पीयूला भोक पाडून तार ओवायची आणि दोन्ही टोकांना मुठी लावायच्या. तार काचेला लागून राहिली पाहिजे, चौकटीकडे झुकता कामा नये. लहान, संथ हेलकावे द्यायचे. घाईने ओढलेली तार तापते, रंग जाळते आणि तुटतेही. चष्मा आणि हातमोजे न घालता हे काम करू नये.

हल्ली पोलादी तारेऐवजी चिवट कृत्रिम धाग्याची दोरी वापरतात. ती बाहेरून काचेच्या चारही कडांना बसवतात आणि आतल्या बाजूने काचेवर सक्शन कपने धरलेल्या छोट्या चरख्यावर गुंडाळत नेतात. रंगाला ओरखडे कमी आणि एकट्याने काम होते.

महागड्या स्पोर्ट्‌स कारमध्ये दोन अडचणी वाढतात. पहिली, काच फार कललेली असते. १९७१ च्या जिनिव्हा प्रदर्शनात दिसलेली लॅम्बोर्गिनी काउन्टाच आठवा. तिची काच बॉनेटच्या उतारातच पुढे चढत जाते. अशा काचेची खालची कड डॅशबोर्डच्या पार टोकाला असते. हात पुरत नाही, तार वाकडी चालते.

दुसरी अडचण चौकटीची. पोलादी चौकटीला ओरखडा पडला आणि प्रायमर लावायचा राहिला, तर पीयूखाली गंज धरतो आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी आत येते. सचिन तेंडुलकरांची गाजलेली फेरारी ३६० मोडेना अ‍ॅल्युमिनियमची. तिथे तांबूस गंज येत नाही, पण उघड्या धातूवर पीयू नीट धरत नाही. लॅम्बोर्गिनी अ‍ॅव्हेंटाडोरमध्ये माणसे बसतात तो सगळा सांगाडा कार्बन फायबरचा. त्याचे धागे कापले गेले, तर नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे त्यावर इलाज नाही.

म्हणून आधी एक गोष्ट ठरवावी : अगदीच वेळ आली, तर काच वाचवायची की चौकट? माझे मत विचाराल, तर चौकट. काच कितीही महाग असली, तरी बहुधा दुसरी मिळते. जाणते कारागीरही काच अखंड निघेलच अशी हमी देत नाहीत, आणि जो छातीठोकपणे देतो त्याच्याकडे गाडी जरा विचार करूनच द्यावी.

सगळीकडचा पीयू कापला गेला, की दोघांनी सक्शन कप लावून काच सरळ वर उचलायची आणि गादीवर कडेने उभी ठेवायची. चौकटीवर उरलेला जुना पीयू खरवडून टाकायचा मोह होतो. तसे करू नये. तो घट्ट धरून बसलेला असेल, तर एक-दोन मिलिमीटरचा थर राखून वरचा भाग सपाट कापतात. नव्या पीयूला त्याहून चांगली बैठक नाही.

काच परत बसवल्यावर आपल्याकडची दमट हवा कामाला येते, पीयू लवकर धरतो. पृष्ठभाग मात्र कोरडाच हवा. कंपनीने सांगितलेला वेळ होईपर्यंत गाडी हलवू नये. तोवर दाराची एक काच थोडी खाली ठेवावी; नाहीतर कुणी सवयीने दार आपटतो, आत कोंडलेली हवा बाहेर पडायला वाट शोधते आणि ओल्या पीयूवरची नवी काच ढकलते.