मांगर : रचना आणि साहित्य

घर कसे बांधावे यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मांगराविषयी मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. सिंधुदुर्गात घरापासून दूर, माडा-पोफळींच्या बागेत किंवा शेताच्या कडेला जी लहानशी वास्तू असते तिला मांगर म्हणतात. नांगर, जू, खोरी-कुदळी, खताची पोती, सोलावयाचे नारळ आणि पावसाळ्यासाठी साठविलेला पेंढा हा तिचा संसार. काही ठिकाणी गुरेही तेथेच बांधतात.

घरातले कौल गळू लागले तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी वर चढतो. मांगराकडे आठ-आठ दिवस कोणी फिरकत नाही. म्हणून त्याच्या बांधणीत पाण्याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

प्रथम जोते. ते जांभ्या दगडाचे असते. हा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो; उघड्यावर वाळला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले, ते किती यथार्थ होते हे आमच्या गवंड्याला न वाचताही ठाऊक आहे! जोते निदान हातभर उंच हवे. लाकडी मेढ थेट मातीत पुरली की जमिनीलगतचा भाग आधी कुजतो आणि वाळवीही तेथूनच चढते. यास्तव मेढीखाली दगड बसवितात.

भिंतींचे फारसे काही नाही. तीन बाजूंना चिरा किंवा कारवीचा कुड, वर शेणमातीचा लेप. चौथी बाजू पुष्कळदा उघडीच. बांबू वापरावयाचा तर पावसाळा सरल्यावर तोडलेला आणि काही दिवस पाण्यात बुडवून ठेवलेला असावा. त्यातील पिष्ट निघून गेले की किडीला खावयास थोडेच उरते.

खरा मांगर म्हणजे त्याचे छप्पर. मधोमध आढे, त्यावरून दोन्ही पाख्यांना उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि त्यांवर कौले. उतार तीस अंशांच्या आसपास तरी हवा, नाहीतर झडीचे पाणी कौलाखाली शिरते. वळचण भिंतीपुढे दीड-दोन हात काढावी. पूर्वी विणलेली झापे किंवा नळे घालीत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर ही एकमेकांत अडकणारी कौले किनाऱ्यावर सर्वत्र पसरली.

आता पत्र्याविषयी. आमच्या मांगराची कौले वानरांनी फोडली म्हणून वडिलांनी ती काढून पत्रे घातले. काम झटपट झाले, खर्चही कमी आला. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. सकाळी पाहतो तो अर्धे छप्पर शेजारच्या पोफळींत! दोष पत्र्याचा नव्हता. कौले आपल्या वजनाने बसतात आणि वारा फटींतून निघून जातो. पत्रा हलका आणि सलग. उघड्या बाजूने आत शिरलेला वारा त्याला खालून उचलतो, वरून जाणारा वारा ओढतो. आम्ही तो साध्या खिळ्यांनी ठोकला होता. वासे तर केवळ आढ्यावर टेकलेले होते.

नव्याने बांधताना मेढ, तुळई आणि वासा लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांस जखडले. मेढीचा पायही जोत्यात पट्टीने धरला. पत्र्याला वाकड्या हुकांचे बोल्ट, तेही उंचवट्यावर मारलेले, म्हणजे भोकातून पाणी झिरपत नाही. गावात पाडलेल्या एका घराची जुनी कौले मिळाली, ती पश्चिमेच्या पाख्यापुरतीच पुरली. पूर्वेला पत्रेच आहेत. वानरे अजून येतात.