लायब्ररी करतेस, तर व्हेक्टर अडवू नकोस

अगं, कोड पाहिला तुझा. संत्र्याच्या बागेत ठिबकच्या लॅटरलवर फ्लो सेन्सर बसवायचा आणि चांदूर बाजारातल्या कुणालाही वापरता यावी अशी लायब्ररी करायची, फार आवडलं मला. आंबिया बहाराचा ताण तोडताना किती पाणी दिलं, हे आपल्याकडे अजून अंदाजानंच चालतं.

तुझं घोडं अडलंय आयएसआरपाशी, म्हणजे इंटरप्ट आला की चालणाऱ्या फंक्शनपाशी. क्लासमधलं साधं फंक्शन अटॅचइंटरप्टला देता येत नाही, कारण त्याला आपलं ऑब्जेक्ट कोणतं ते कळावं लागतं आणि इंटरप्ट तसं काही सांगत नाही. मग स्टॅटिक फंक्शन आणि ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारा स्टॅटिक पॉइंटर ठेवायचा. मात्र पॉइंटर एकच ठेवलास, तर दुसरा सेन्सर जोडताच पहिल्याचे पल्स दुसऱ्याच्या खात्यात जमा होतील. आर्डुइनो उनोवर बाहेरचे इंटरप्ट दोनच, पिन २ आणि ३ वर. तेव्हा दोन फंक्शनं, दोन पॉइंटर ठेव. ईएसपी३२ वर ऑब्जेक्टचा पत्ता सोबत देता येतो, तिथे ही कसरत नाही.

पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. पिन-चेंज इंटरप्टसाठी तू लायब्ररीतच आयएसआर मॅक्रो लिहिलायस. एका व्हेक्टरला हँडलर एकच असतो, बाई. शेतात मेसेज पाठवायला जीएसएम मॉड्यूल लागतं, ते उनोवर बहुधा सॉफ्टवेअरसीरियलवर चालतं, आणि सॉफ्टवेअरसीरियल पिन-चेंजचे तिन्ही व्हेक्टर स्वतःकडे घेते. दोन्ही एकत्र आले की लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणतो आणि तिथंच थांबतो. नवख्या पोराला त्यात काहीच उमगत नाही. तो लायब्ररीच काढून टाकतो. म्हणून ‘पल्स आला’ असं एक पब्लिक फंक्शन दे. कोणत्या इंटरप्टला जोडायचं, ते वापरणाऱ्यालाच ठरवू दे.

त्या फंक्शनमध्ये मोजणी एकानं वाढव, बस. डिले नको, सीरियल प्रिंट नको. मोजणी व्होलटाइल ठेव. ती ३२ बिटांची आणि उनोची चिप ८ बिटांची, म्हणजे वाचताना चार बाइट एकेक करून येतात आणि मधेच पल्स आला तर आकडा भलताच दिसतो. इंटरप्ट क्षणभर बंद कर, आकडा उतरवून घे, पुन्हा चालू कर.

आणि वायएफ-एस२०१ या फ्लो सेन्सरचे लिटरला साधारण ४५० पल्स, हा आकडा कोडात पक्का करू नकोस. बादली भरून ज्याचा त्यानं काढावा आणि ऑब्जेक्ट बनवताना द्यावा.