भेंडोळी जपताना

आमच्या घरात कागदांची एक सागवानी पेटी आहे. तिच्यात पणजोबांची वीतभर रुंद जन्मपत्रिका आहे. उलगडली तर ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचते. वतनाच्या कज्ज्यातले मोडी कागद आहेत, हाताने लिहिलेली वंशावळ आहे आणि मागून कापड डकवलेला, वर-खाली लाकडी दांड्या लावलेला वऱ्हाडचा एक जुना नकाशा आहे. सगळी भेंडोळीच. अकोट तालुक्यातल्या जुन्या घरांत असं काहीतरी निघतंच. अकबराच्या काळात नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं, पुढे निजामाचा अंमल आला, १८५३ पासून इंग्रजांचा कारभार सुरू झाला. प्रत्येक राजवटीने आपले कागद मागे सोडले. लोक ते फेकत नाहीत, माळ्यावर टाकतात, आणि माझं दुखणं तेच आहे. शाळेची नोकरी संपल्यावर मी आधी आमचे आणि मग सोयऱ्या-शेजाऱ्यांचे कागद हाताळत गेलो. त्यातून जे कळलं ते मांडतो.

१. घडी वाळवीपेक्षा वाईट

वाळवी निदान दिसते. घडीचं काम गुपचूप चालतं. तिच्या रेषेवर कागदाचे तंतू मोडतात, दर उघडमिटीला आणखी थोडे मोडतात, आणि शेवटी कागद चौकोनी तुकडे होऊन हातात येतो. जाते ती नेमकी त्या रेषेवरची ओळ. कज्ज्याच्या कागदात गावाचं, पाटलाचं नाव शाबूत आणि साल तेवढं घडीत गेलेलं, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. म्हणून लांब वस्तू गुंडाळूनच ठेवावी, आणि गुंडाळी सैल व जाड असावी. आमच्या अकोटच्या लांब सतरंज्या जशा हलक्या हाताने, कडेला कड मिळवत गुंडाळतात, तसं.

जपानमध्ये भिंतीवर टांगायची चित्रं, म्हणजे काकेजिकु, खालच्या दांडीभोवती गुंडाळतात. रंगाचा थर नाजूक असेल तर त्या दांडीवर आधी ‘फुतोमाकी’ नावाची जाड लाकडी नळी चढवतात. वळण मोठं झालं की चुण्या पडत नाहीत. आपल्याकडे कापडाच्या दुकानात तागा संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी हेच काम करते. पुठ्ठ्यात आम्ल असतं, तेव्हा नळीवर आधी धुतलेलं सुती कापड किंवा हातकागद गुंडाळावा. बांधायला रुंद सुती फीत घ्यावी. दोरा कागदात रुततो, आणि रबरबँड आमच्याकडच्या मे महिन्यात वितळून कागदाला चिकटतो.

२. ऊन आणि ओल यांच्या मधला कूलर

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो आणि हवेत ओलीचा मागमूस नसतो. कागद, खळ आणि कापड सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. पत्रिकेचे बंद जिथे एकाखाली एक डकवलेले असतात तिथले जोड याच दिवसांत सुटतात. नकाशाचं कापड दांडीशी ताणून फाटतं. मग मृग लागतो आणि तोच कोरडा ठणठणीत कागद हवेतलं पाणी ओढायला लागतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. श्रावण-भाद्रपदात ती इथे सहज त्याच्या वर असते.

हे सगळ्यांना ठाऊक असतं. लक्षात येत नाही तो कूलर. उन्हाळ्यात घरोघरी वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या लावलेला कूलर दिवसरात्र चालतो, दारं-खिडक्या लोटलेल्या असतात, आणि ज्या खोलीत माणसं निजतात त्याच खोलीत कागदांचं कपाट असतं. बाहेर जमीन भेगाळलेली आणि कपाटात पावसाळा. मी पाहिलेली सगळ्यात वाईट बुरशी ऑगस्टमधली नव्हती. कूलरच्या झोतासमोर ठेवलेल्या कपाटातली होती, ऐन मे महिन्यातली. कागद ठेवायचे तर कूलर नसलेल्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीकडे. माळा नको. टिनाखालचा तर नकोच, तिथे दिवसा भट्टी असते आणि पावसात गळती.

३. वर्षातून एकदा उलगडायलाच हवं

कागद बंद ठेवला की सुरक्षित, हा समज मोडायला मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं. बंद भेंडोळ्यात कसर लागली तर कळतच नाही. कसरीला अंधार, शांतता आणि खळीतलं पीठ हवं असतं, आणि न उघडलेल्या गुंडाळीत तिन्ही गोष्टी मिळतात. जपानी लोकांत ‘मुशिबोशी’ नावाची रीत आहे: कोरडे दिवस पाहून चित्रं, पोथ्या, कपडे बाहेर काढायचे, वारा द्यायचा, किडी झटकायच्या. नारा शहरातल्या शोसोइन या आठव्या शतकातल्या लाकडी कोठारात सम्राट शोमूच्या वस्तू शतकानुशतकं राहिल्या. त्याच्या राणीने त्या ७५६ साली तोदाइजी मंदिराला अर्पण केल्या. आता त्या शेजारच्या नव्या काँक्रीटच्या कोठारांत आहेत, पण मोहोर अजूनही दर शरद ऋतूत उघडतात, वस्तू तपासतात आणि पुन्हा मोहोर लावतात. बाराशेहून जास्त वर्षं रेशीम आणि कागद टिकले त्यामागे अशी नेमाची देखरेख आहे.

आमच्या जुन्या बाया सांगत, “पोथ्याईले ऊन दाखवा.” सल्ला त्यांचा बरोबर होता. फक्त थेट ऊन मी देत नाही, कारण त्याने कागद पिवळा पडतो आणि रंग उडतो. कोजागिरीनंतरचे, आभाळ निवळलेले दिवस इथे सगळ्यात चांगले. सकाळचं दव ओसरल्यावर ओसरीच्या सावलीत, धुतलेल्या चादरीवर, एकेक भेंडोळं हळूहळू उलगडावं. मऊ कुंचल्याने मधून कडेकडे धूळ काढावी. जोड, कडा, छिद्रं पाहावीत आणि ऊन उतरायच्या आत परत सैल गुंडाळावं. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर घरात झटकू नये. नाकातोंडाला कापड बांधून अंगणात न्यावं, आणि ते भेंडोळं बाकीच्यांपासून वेगळं ठेवावं.

दसऱ्याला किंवा लक्ष्मीपूजनाला लोक पत्रिकेवर आणि पोथीवर हळद-कुंकू वाहतात, ओली फुलं ठेवतात. भावना मी मानतो, माझ्याही घरी पूजा होते. पण कुंकवाचा डाग निघत नाही आणि ओल्या फुलाखाली काजळाची शाई पसरते. पूजा पेटीच्या झाकणाची करावी.

४. पेटी, भिंत आणि खारं पाणी

काकेजिकुची पेटी किरीच्या, म्हणजे पॉलोनियाच्या लाकडाची असते. लाकूड हलकं, ओल आली की किंचित फुगतं, झाकण घट्ट बसतं आणि आतली हवा सावकाश बदलते. आपल्याकडे तसं लाकूड नाही. मेळघाटचं सागवान वाळवीला दाद देत नाही हे खरं, पण नव्या सागाच्या तेलाचा डाग कागदावर उतरतो. जुनी, वास मेलेली पेटी घ्यावी आणि आत सुती अस्तर घालावं. पत्र्याच्या ट्रंकेत वाळवी शिरत नाही, पण हिवाळ्यातल्या पहाटे आतून दहिवर धरतं आणि गंज कागदावर येतो.

तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या घरांत भिंतींना लोणा धरतो, पोपडे सुटतात. पेटी भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून विटांवर हवी. बोअरच्या खाऱ्या पाण्याने खळ शिजवू नये की फडकंही ओलं करू नये, क्षार कागदात राहतात.

५. कापड

सुती, पांढरं, जुनं. नव्या मांजरपाटाला खळ असते, ती दोन-तीनदा धुऊन काढावी, नाहीतर किडीला आपणच जेवायला बोलावल्यासारखं होतं. लाल कापडाची परंपरा आहे, पण ओल लागली की रंग सुटतो. लाल हवंच असेल तर ते बाहेरून.

६. वेखंड आणि कडुनिंब

वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवावेत, कागदाला टेकवू नयेत. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळलेला असावा. ओला पाला पेटीत ओलच नेतो. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही. कुठलाही फवारा थेट कागदावर मारू नये.

७. लॅमिनेशन करू नका

हे सगळ्यात कळकळीने सांगतो. “भाऊ, लॅमिनेट करून टाका, जलमभर पाहा लागत नाही,” असं सांगणारा प्रत्येक घरात एक तरी असतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या यंत्रात कागद तापलेल्या प्लास्टिकमध्ये वितळवून बसवतात. तो परत निघत नाही. आतलं आम्ल आतच राहतं, कागद काळवंडत जातो आणि हात लावायची वाटही बंद होते. चिकटपट्टीचंही तसंच. प्लास्टिक वाळून गळतं, पण गोंद कागदात मुरून तपकिरी पट्टा कायमचा राहतो.

दुरुस्तीचा एकच नियम मी पाळतो: आज केलेलं उद्या पाण्याच्या बोटाने सोडवता आलं पाहिजे. जपानी कारागीर गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात ती याचसाठी, आणि कोझो झाडाच्या सालीचा पातळ, लांब तंतूंचा जपानी कागद आज आपल्या देशातल्या हस्तलिखितांच्या प्रयोगशाळांतही फाटक्या पानांना लावतात. आपले जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालत, किडीसाठी. घरच्या माणसाने तो प्रयोग करू नये. शाई ओलीने फुटते की नाही हे तपासल्याशिवाय खळसुद्धा लावू नये. तुकडे सुटले असतील तर पाकिटात घालून पत्रिकेसोबत ठेवावेत आणि जाणकाराची वाट पाहावी.

८. भिंतीवर किती दिवस

जपानी घरात चित्र ऋतूपुरतं टांगतात आणि उतरवतात. दांड्या लावलेला नकाशा किंवा पट आपणही सणापुरता, कार्यापुरता लावावा. समोर खिडकी नको, खाली समई नको.

९. नक्कल

म्हाइंभटाने तेराव्या शतकात रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केलं. त्याची मूळ प्रत धाडीत गेली आणि आठवणींवरून ते पुन्हा उभं केलं, असं महानुभावांची परंपरा सांगते. कारंजा लाडच्या जैन मंदिरांनी आपली शास्त्रभांडारं सांभाळली. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची नागपुरात छापली गेली, तिच्यामुळे त्या भांडारांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी तिथले अपभ्रंश ग्रंथ संपादून छापले. आधी कुणीतरी बस्ता सोडून यादी केली, म्हणून हे झालं.

म्हणून उलगडाल तेव्हा फोटो काढा. सावलीत, वरून सरळ, शेजारी मोजपट्टी ठेवून, प्रत्येक फोटोत मागच्या फोटोतल्या दोन ओळी येतील असे. पाठही काढा, मोडी कागदांत सांध्यावरचे शिक्के मागच्या बाजूला असतात. कागदावर पेनाने आकडे घालू नका, वेगळ्या चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीने लिहा: कुणाच्या घरचं, कोणत्या गावचं, कुणी दिलं.

घरात असं भेंडोळं असेल तर या दिवाळीआधी ते माळ्यावरून खाली काढा. वाचता येत नसलं तरी काढा. मोडी वाचणारी म्हातारी माणसं अजून आपल्या तालुक्यात आहेत. त्यांच्या डोळ्यांना दिसतं आहे तोवर त्यांच्यापुढे ते उलगडा आणि ती सांगतील ते लिहून घ्या.