नोटेवर कोणाचं नाव?

तुमच्याजवळ दहा रुपयांची नोट असेल तर जरा हातात घ्या. तिच्यावर काय लिहिलं आहे? रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सांगतात, की ही नोट ज्याच्या हाती आहे त्याला दहा रुपये देण्याचं मी वचन देतो. खाली त्यांची सही असते. नोट म्हणजे कागदच. तिला किंमत येते ती या वचनामुळे.

पण राज्यच बदललं, तर हे वचन पाळायचं कोणी?

१९४७ साली ही अडचण खरोखरच आली. ऑगस्ट महिन्यात भारत स्वतंत्र झाला आणि पाकिस्तान हा वेगळा देश झाला. सरहद्द आखली गेली. नोटा मात्र काही एका रात्रीत तयार होत नाहीत. पाकिस्तानजवळ नोटांचा छापखाना नव्हता, स्वतःची मध्यवर्ती बँकही नव्हती. म्हणून तूर्त दोन्ही देशांच्या नोटांचं काम रिझर्व्ह बँकेनेच पाहायचं ठरलं. लाहोरात आणि मुंबईत तीच नोट चालू राहिली. घरदार टाकून आलेल्या-गेलेल्या माणसांच्या कनवटीला जे काही उरलं होतं, ते निदान खोटं ठरलं नाही.

१ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानसाठी निराळ्या नोटा निघाल्या. त्या छापल्या कुठे? आपल्या नाशकात! तिथल्या सरकारी छापखान्यात १९२८ पासून नोटा छापत असत. नेहमीच्याच नोटेवर ‘पाकिस्तान सरकार’ ही अक्षरं इंग्रजीत आणि उर्दूत घातली. बाकी सगळं जुनंच. एक, दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या अशा नोटा होत्या.

त्यांतली दहाची घ्या. चित्र इंग्लंडच्या राजाचं, सहाव्या जॉर्जचं. बँक भारताची. सही चिंतामणराव देशमुखांची. हे महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आणि वर नाव पाकिस्तानचं!

ही नोट फक्त पाकिस्तानात चालायची. भारतात दुकानदाराने ती परत केली, तर त्याचं काही चुकत नव्हतं. दोन्ही नोटा दिसायला जवळजवळ सारख्या. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याला कुठली कुठे चालते हे कसं कळावं?

१ जुलै १९४८ रोजी कराचीत पाकिस्तानची स्टेट बँक सुरू झाली. ऑक्टोबरात त्या देशाच्या स्वतःच्या नोटा निघाल्या. आपल्याकडे इंग्लंडचा राजा नोटेवर आणखी काही दिवस राहिला. १९४९ साली एक रुपयाची नवी नोट आली. तिच्यावर राजाच्या जागी सारनाथचे सिंह होते.