जवसाचे तेल का वाळते? : कर्बाच्या बंधांचा प्राथमिक पाठ

घाणीवरून आणलेले ताजे जवसाचे तेल दाराच्या फळीस पातळ पुसून ठेविले, तर थोड्याच दिवसांत त्याचा चिकटपणा जाऊन लाकडावर कातड्यासारखा कठीण पापुद्रा धरतो. त्याच फळीस भुईमुगाचे तेल लाविले, तर ते महिना झाला तरी बोटास लागते. वर धूळ मात्र बसते. एरंडीचेही तसेच. तिन्ही तेले बियांतूनच निघाली, दिसावयास तिन्ही पिवळसर, तिन्ही पाण्यावर तरंगतात. मग एकाने वाळावे व दुसऱ्यांनी वाळू नये, हे काय गौडबंगाल आहे? नागपूर, भंडारा, चांदा ह्या बाजूस जवस हे पिढ्यान्‌पिढ्यांचे पीक. धानाच्या उभ्या बांधीत उतेरा पद्धतीने फेकलेले जवस ज्यांनी काढिले आहे, त्या शेतकऱ्यांस तरी हा प्रश्न परका वाटू नये. त्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या ज्या शाखेत सापडते तिचे नाव सेंद्रिय रसायनशास्त्र. ह्या लेखात आम्ही त्या शास्त्राची पहिली चार अक्षरे जवसाच्याच साह्याने गिरविण्याचे योजिले आहे.

आरंभीच एका शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. ‘सेंद्रिय’ म्हटले की हल्ली शेणखत, गांडूळखत व त्यावर पिकविलेला माल एवढाच अर्थ मनात येतो. रसायनशास्त्रात ह्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. इंद्रिये असलेल्या, म्हणजे सजीव, देहातच जे पदार्थ उत्पन्न होतात ते सेंद्रिय, अशी पूर्वीच्या पंडितांची समजूत होती. ते पदार्थ मनुष्यास प्रयोगशाळेत करिता येणारच नाहीत असेही ते मानीत. १८२८ साली वोलर नामक जर्मन रसायनज्ञाने अमोनियम सायनेट ह्या क्षारापासून युरिया तयार करून दाखविला, आणि ह्या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. मूत्रातला युरिया आणि काचपात्रातला युरिया ह्यांत तिळमात्र भेद निघाला नाही. आज आपण पोत्यांनी शेतात टाकतो तो हाच युरिया. तेव्हा रसायनज्ञाच्या भाषेत युरिया हा सेंद्रिय पदार्थ ठरतो. मात्र सेंद्रिय शेती करणाऱ्यास तो वर्ज्य आहे. शब्द एक, अर्थ दोन. वाचकांनी ह्या लेखापुरता पहिला अर्थ धरावा. हल्ली ह्या शास्त्रास कर्बाच्या संयुगांचे शास्त्र असे समजतात, व तेच अधिक यथार्थ आहे.

कर्ब म्हणजे कोळशातील मूलद्रव्य. पदार्थाच्या सूक्ष्मतम कणास अणू म्हणतात व अनेक अणू जुळून जे कुटुंब होते त्यास रेणू म्हणतात. प्रत्येक अणूस इतरांशी जुळण्यासाठी ठराविक हात असतात अशी कल्पना करावी. हायड्रोजनास एक, प्राणवायूस दोन, नत्रास तीन आणि कर्बास चार. कर्बास चार हात आहेत हे केकुले व कूपर ह्या दोघांनी १८५८ साली स्वतंत्रपणे प्रतिपादिले. गोबर गॅसच्या टाकीतून जो जळणारा वायू निघतो त्यात मिथेन हा मुख्य. त्याच्या रेणूत एका कर्बाच्या चार हातांस चार हायड्रोजन धरलेले असतात. एकही हात मोकळा नाही.

हे हात म्हणजे वस्तुतः काय? अणूच्या गाभ्याभोवती इलेक्ट्रॉन नावाचे ऋणविद्युत्‌भारित कण असतात. त्यांपैकी बाहेरच्या थरात बहुधा आठ कण झाले म्हणजे अणू स्वस्थ होतो. हायड्रोजनास दोनच पुरतात. ही संख्या पुरी करण्याचे मार्ग दोन. एक देण्याघेण्याचा. मिठात सोडियम आपल्या बाहेरच्या थरातील एकुलता एक इलेक्ट्रॉन क्लोरिनास देऊन टाकतो. मग देणारा धनभारित, घेणारा ऋणभारित, आणि दोघे विद्युदाकर्षणाने एकमेकांस चिकटून राहतात. दुसरा मार्ग भागीदारीचा. कर्बाच्या बाहेरच्या थरात चार इलेक्ट्रॉन असतात. चार देऊन टाकणेही कठीण, चार घेणेही कठीण. म्हणून तो शेजाऱ्याबरोबर भागी करतो. आपला एक, शेजाऱ्याचा एक, अशी जोडी दोघांच्या सामाईक मालकीची होते. दोन भावांच्या शेतांमधील सामाईक विहिरीसारखाच हा प्रकार; पाणी दोघांचे, आणि विहिरीमुळे दोघेही एकमेकांस सोडून जाऊ शकत नाहीत. ही जोडी म्हणजेच एक बंध. लुईस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा विचार १९१६ साली मांडिला.

दोन कर्ब एक जोडी सामाईक ठेवतील तर एकेरी बंध, दोन जोड्या ठेवतील तर दुहेरी, तीन ठेवतील तर तिहेरी. दोन दोर बांधिले म्हणजे गाठ दुप्पट पक्की, असे येथे सरसकट समजू नये. दुहेरी बंधातील पहिली जोडी घट्ट असते, दुसरी त्या मानाने सैल. बाहेरच्या एखाद्या अणूने मागणी केली की ती उलगडते व दोन्ही कर्बांचा एकेक हात नव्या जोडणीस मोकळा होतो. जवसाचे सारे मर्म बहुतांशी ह्या सैल जोडीतच आहे.

आता तेलाकडे वळू. शेव्हरल ह्या फ्रेंच रसायनज्ञाने तेले व चरब्या ह्यांची घटना उलगडून १८२३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेलाचा रेणू तीन फाळ असलेल्या दाताळ्यासारखा कल्पावा. मागची आडवी पट्टी ती ग्लिसरीन, तीन कर्बांची. तिला जोडलेले तीन लांब फाळ ती मेदाम्ले. कॉस्टिक सोड्याबरोबर तेल शिजविले म्हणजे पट्टी व फाळ वेगळे होतात. फाळ सोडियमशी जुळून साबण होतो व ग्लिसरीन निराळे राहते. फाळ बहुधा अठरा कर्बांच्या साखळीचा असतो, आणि कोणते तेल कसे वागेल हे ह्या फाळांत दुहेरी बंध किती त्यावर ठरते.

स्टिअरिक आम्लात अठरा कर्ब व छत्तीस हायड्रोजन. दुहेरी बंध एकही नाही. ओलेइक आम्लात हायड्रोजन चौतीस, दुहेरी बंध एक. लिनोलेइकात बत्तीस व दोन. लिनोलेनिकात तीस व तीन. म्हणजे दोन हायड्रोजन कमी झाले की शेजारच्या दोन कर्बांचा एकेक हात रिकामा पडतो व ते एकमेकांसच दुसऱ्यांदा धरतात. हिशोब इतका सरळ आहे. निसर्गातील दुहेरी बंधाच्या जागी साखळीस बाक येतो. सरळ काड्यांची पेंढी घट्ट बांधता येते, वाकड्या फांद्यांची मोळी पोकळ राहते. तसेच स्टिअरिक आम्ल सुमारे ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत घट्ट असते, ओलेइक १३ अंशांच्या आसपास वितळते, आणि लिनोलेनिक शून्याखाली ११ अंशांपर्यंत पातळच राहते.

आपल्या तेलांत कोण किती? जवसाच्या तेलात साधारणतः निम्म्याहून अधिक लिनोलेनिक असते. करडईच्या जुन्या वाणांत सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक. तिळात ओलेइक व लिनोलेइक जवळजवळ सारखे. भुईमुगात ओलेइकाचा जोर. एरंडीचे आम्ल अगदी वेगळ्या जातीचे असून त्यात दुहेरी बंध एकच. दुहेरी बंध मोजण्याचीही युक्ती आहे. आयोडीन त्या सैल जोडीच्या जागी जाऊन बसते. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन घेते त्यास आयोडीन मूल्य म्हणतात. खोबरेल ७ ते १०, भुईमूग ८५ ते १००, करडई १४० ते १५०, जवस १७० पासून २०० पर्यंत. जवसाच्या तेलात स्वस्त तेलाची भेसळ केल्यास हा आकडा खाली येतो व लबाडी उघडी पडते. आपल्या नागपुरात, रायबहादूर डी. लक्ष्मीनारायण ह्यांनी मृत्युपत्राने ठेविलेल्या देणगीतून १९४२ साली जी तंत्रविद्येची संस्था उभी राहिली, तेथे तेलतंत्राचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांस ही परीक्षा आरंभीच शिकावी लागते.

आता मूळ प्रश्न. लागोपाठच्या दोन दुहेरी बंधांमध्ये जो एक कर्ब सापडतो, त्याचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. हवेतील प्राणवायूचा हल्ला प्रथम तेथे होतो. ओलेइकात असे मधले ठिकाण मुळीच नाही. लिनोलेइकात एक, लिनोलेनिकात दोन. प्राणवायू तेथे शिरून बसतो, आणि पुढे एका रेणूचा फाळ दुसऱ्या रेणूच्या फाळास जोडला जातो, दुसऱ्याचा तिसऱ्यास. शेवटी सुटे दाताळे राहतच नाही, सगळ्यांचे मिळून एक जाळे होते. तोच पापुद्रा. धोतर वाळते तेव्हा पाणी उडून जाते व वजन घटते. जवसाचे तेल वाळते तेव्हा त्याचे वजन आरंभी वाढते, कारण ते हवेतून प्राणवायू घेत असते. ज्यांच्या घरी नाजूक काटा असेल त्यांनी काचेच्या दोन तुकड्यांस जवसाचे व भुईमुगाचे तेल पातळ लावून रोज तोलून पाहावे. आमच्या सांगण्यावर विसंबण्यापेक्षा हे बरे.

करडई जवसाहून सावकाश वाळते, पण तिचा पापुद्रा कमी पिवळा पडतो. म्हणून पांढऱ्या रंगांत तिची चाहत. पूर्वी करडईचे जाळून काढलेले काळे चिकट तेल मोटेच्या नाड्यास व कातड्यास लावीत, ते पाण्याने सडू नये म्हणून. त्यांस दुहेरी बंधाची वार्ता नव्हती, पण हाताला गुण ठाऊक होता. जवसाचे तेल लवकर वाळावे म्हणून त्यात शिसे, मँगनीज किंवा कोबाल्ट ह्यांची संयुगे घालतात. बाजारात रंगासाठी ‘उकळलेले’ म्हणून विकतात त्या तेलात असे काही असते. त्याचा थेंबही चटणीवर पडता कामा नये.

ह्या वाळण्याचे एक भयंकर अंग आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहावा असे आम्हांस विशेष वाटले. प्राणवायू शिरताना उष्णता निघते. फळीवर ती हवेत निघून जाते. परंतु तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकिला, तर चिंधीच्या धाग्याधाग्यावर तेल पसरलेले, हवा आत खेळती, पण उष्णता बाहेर जाण्यास वाट नाही. ऊन झाले की जोडणी अधिक वेगाने होते, वेग वाढला की ऊन आणखी वाढते. काही तासांत बोळा धुमसू लागतो आणि काडी न लाविता पेट घेतो. गंजीस वा गोठ्यास लागलेल्या आगीचा दोष मग कोणा विडी ओढणाऱ्यावर जातो. गाडीस, वखरास किंवा दारांस जवसाचे तेल दिल्यावर चिंध्या घराबाहेर एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ द्याव्या, अथवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवाव्या. भुईमुगाच्या तेलाच्या चिंधीपासून हे भय फारच थोडे, हे वरील विवेचनावरून वाचकांनी ताडलेच असेल.

खाण्याचे जवसाचे तेल लवकर खवट होते तेही ह्याच कारणाने. ते थोडे थोडे काढावे, भांडे तोंडापर्यंत भरून अंधारात थंड जागी ठेवावे, आणि कल्हई नसलेल्या तांब्यापितळेत ठेवू नये. तांब्याने प्राणवायूचे काम जलद होते. अख्खे बी मात्र आपल्या टरफलात पुष्कळ दिवस चांगले राहते.

उलट दिशेचीही क्रिया आहे. निकेलच्या साह्याने दुहेरी बंधात हायड्रोजन भरला की बाक जाऊन तेल घट्ट होते. जर्मनीतील नॉर्मन ह्याने १९०२ साली ह्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९३७ पासून डालडा ह्या नावाने ते घरोघर गेले. भरणी अर्धवट राहिली तर काही बंध दुहेरीच राहतात, पण बाक नाहीसा होऊन सरळ होतात. त्यांसच ट्रान्स मेद म्हणतात. ते हृदयास अपायकारक ठरल्यावरून जानेवारी २०२२ पासून भारतात तेलातुपांतील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर जाऊ देत नाहीत.

तिहेरी बंधाचे उदाहरणही जवसातच आहे. हायड्रोजन, कर्ब व नत्र असे तीनच अणू, त्यांत कर्ब व नत्र तिहेरी बंधाने जखडलेले. हे हायड्रोसायनिक आम्ल, जलद मारणारे विष. जवसाच्या ढेपेत ते मोकळे नसते, साखरेशी बांधलेले असते. परंतु ढेप कोमट पाण्यात भिजत ठेविली की तिच्यातीलच एक पाचक द्रव्य जागे होऊन ते सोडविते. कोवळ्या, विशेषतः पाण्याची ताण बसून खुरटलेल्या ज्वारीच्या फुटव्यांतही हेच विष निराळ्या रूपाने असते. ते खाऊन जनावरास किराळ लागते. ढेप बेताने कोरडी चारावी; शिजवावयाची असल्यास उकळत्या पाण्यात टाकून चांगली दहा मिनिटे उकळू द्यावी, म्हणजे ते पाचक द्रव्य मरते व सुटलेले विष वाफेबरोबर निघून जाते. जनावर धापा टाकू लागले, थरथरून पडू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यास बोलवावे. सोडियम थायोसल्फेटची सुई वेळेवर मिळाली तर त्यातील गंधक त्या विषास चिकटून ते निरुपद्रवी होते व मूत्रावाटे निघून जाते.