दहावीचे वर्ष आणि सम्यक व्यायाम



जूनमध्ये शाळा उघडते आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरातील मुलगा किंवा मुलगी दहावीच्या वर्गात जाऊन बसते. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. मधला काळ पुष्कळ आहे असे वाटते, आणि तेथेच घात होतो. 'दिवाळीनंतर जोर लावू' असे मूल म्हणते आणि आईवडीलही मान डोलावतात.

पूर्वी अशा वेळी आपल्या घरांत नवस बोलले जात, अंगारे-धुपारे होत. धम्मदीक्षा घेतली आणि नवस सुटले. पण त्यांच्या जागी आपण काय आणले? जागा रिकामी राहिली तर जुने पुन्हा घरात शिरते. भगवान बुद्धांनी त्या जागी माणसाचा प्रयत्न ठेवला. अष्टांगिक मार्गात त्याला सम्यक व्यायाम म्हणतात. व्यायाम म्हणजे येथे तालमीतील मेहनत नव्हे, तर योग्य दिशेने नित्य केलेला प्रयत्न. त्याची चार अंगे आहेत. ती दहावीच्या वर्षाला लावून पाहू.

१. वाईट सवय लागू न देणे. अभ्यासाच्या वेळी मोबाईल मुलाच्या हाती नसावा. पण वडीलधाऱ्यांनीही त्या वेळी तो बाजूला ठेवावा, टी.व्ही. बंद करावा. मूल ऐकते त्यापेक्षा पाहते अधिक.

२. लागलेली वाईट सवय सोडणे. कॉपी ही अशीच सवय आहे. दुसऱ्याचे उत्तर आपले म्हणून लिहिणे म्हणजे न दिलेले घेणे आणि खोटे बोलणे; दोन शीले एकदम मोडतात. आणि ज्या घरात संध्याकाळी दारूवरून भांडण होते, तेथे पुस्तक उघडून काय उपयोग? पाचवे शील वडिलांनी पाळणे हीच मुलाची पहिली शिकवणी होय.

३. चांगली सवय लावणे. रोज एकच वेळ आणि एकच जागा ठरवा. संध्याकाळी वंदना झाली की त्याच आसनावर अभ्यासाला बसावे. त्या दिवशी वर्गात झालेला धडा त्याच दिवशी वाचावा. गणित नुसते वाचू नये, वही-पेन्सिल घेऊन सोडवावे.

४. लागलेली सवय टिकवणे. लग्नसराई येते, पाहुणे येतात, नळाला पाणी आले की हंडे भरायला मुलीलाच हाक जाते. मुलीची अभ्यासाची वेळ मुलाइतकीच राखली पाहिजे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा बसावे.

'आमची एकच खोली, अभ्यास कोठे करायचा?' असे कोणी म्हणेल. बाबासाहेब परळच्या चाळीत एकाच खोलीत शिकले. वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला अभ्यासाला उठवत आणि स्वतः झोपत. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. जागा नव्हती, म्हणून घराने वेळ काढून दिला.

पुढे जागेची अडचण इतर मुलांना पडू नये म्हणून त्यांनी संस्था उभारली. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या सोलापुरातच हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. जेवण, कपडे आणि लेखनसाहित्याचा खर्च सभा करी. नगरपालिका चाळीस रुपयांची मदत देई. तेथील विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही काढले होते. शंभर वर्षांपूर्वी हे झाले. मग आज आपल्या वस्तीतील विहार संध्याकाळी दोन तास अभ्यासासाठी उघडा ठेवणे अवघड का असावे?

पालकांनो, एक काम याच वर्षी करा. परीक्षेचा अर्ज शाळेत भरला जाईल तेव्हा नाव, आडनाव आणि जन्मतारीख स्वतः तपासा. प्रमाणपत्रावर चूक छापली गेली की पुढे हेलपाटे घालावे लागतात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. १९९० साली घटनात्मक आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतींचा हक्क मिळाला. धर्मांतर केले म्हणून शिष्यवृत्ती बुडते, असे कोणी सांगितले तर भिऊ नका.

येत्या रविवारी वंदनेनंतर सारे घर एकत्र बसा. अभ्यासाची वेळ ठरवा, कागदावर लिहा आणि भिंतीला लावा. त्या कागदाखाली प्रथम आईवडिलांनी सही करावी, नंतर मुलाने.

जय भीम!