पाच अक्षरांचे शब्द कसे शोधावेत?

प्रश्न : कर्जतजवळच्या ठाकुरवाडीत मी संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवते. शेवटी ‘ए-आय-एन’ येणारे पाच अक्षरी शब्द कसे शोधून घ्यावेत?

उत्तर : ताई, शेवटची तीन अक्षरे ठरलेली आहेत, म्हणजे पुढची दोनच घरे भरायची. तिथे मुलांना जोड्या लावू द्या. टी-आर लावले की ट्रेन, जी-आर लावले की ग्रेन म्हणजे धान्य, बी-आरने ब्रेन, सी-एचने चेन. कर्जतची लोकल आणि भातशेती मुलांच्या ओळखीची, म्हणून ट्रेन आणि ग्रेनपासूनच सुरुवात करा. प्रत्येक जोडीचा शब्द होत नाही. शंका आली की शब्दकोश मुलांनाच उघडू द्या. अर्थ आधी त्यांच्या ठाकरी बोलीत विचारा, मग वाक्य करून घ्या. वाक्यात वापरलेला शब्दच मुलांच्या लक्षात राहतो.